फटफटीला विटाळ नाही

आमच्या चौलच्या घराला मागच्या अंगणाकडे तोंड करून एक खोली होती आणि त्या एका खोलीला दोन नावं होती. आई, आत्या आणि मी तिला बाहेरची खोली म्हणत असू, कारण महिन्यातून एकदा कावळा शिवला की ज्या बाईला शिवला ती घरात न राहता तिथे जाऊन बसे. दादा त्याच खोलीला ग्यारेज म्हणे. ग्यारेज हा शब्द त्याने मुंबईहून आणला होता आणि त्या शब्दात ठेवायची वस्तूही मुंबईहूनच आणली होती. नवी नव्हे. विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाची वापरलेली फटफटी त्याला स्वस्तात मिळाली, ती बोटीवर चढवून त्याने रेवसला उतरवली आणि तिथून अलिबागवरून आवाज करीत घरी आणली. वाडीत शिरला तेव्हा रहाटाला जुंपलेला आमचा रेडा असा बिथरला, की रहाट उलटा फिरला आणि पोहऱ्यांतलं पाणी पोफळींना जायचं ते सगळं आत्याच्या अंगावर आलं. आत्या सोवळ्यात होती. म्हणजे आमच्या घरातला फटफटीचा पहिला दिवस आत्याच्या दुसऱ्या आंघोळीने सुरू झाला.

माणसं सांगून टाकते, फार नाहीत. अण्णा, म्हणजे वडील, मी लहान असतानाच गेले होते. आत्या ही त्यांची थोरली बहीण, बालविधवा, लाल आलवणातली. घरातलं सोवळं-ओवळं तिच्या हाती होतं आणि तिच्या हाती दुसरं काहीच नसल्यामुळे तिने ते घट्ट धरलं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी तिला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या देत असे. आई बोलायची कमी आणि खोबरं खवायची फार. आमच्या घराचा आवाज म्हणजे रहाटाची करकर, सुरूंच्या पलीकडचा समुद्र आणि आईच्या विळीची खरखर. माणसांचा आवाज त्यातून उरला तर. दादा माझ्याहून बराच मोठा. तो विम्याचा एजंट होता. अलिबाग ते रेवदंडा गावोगाव हिंडून लोकांना 'तुम्ही मेल्यावर काय' हे गोड आवाजात विचारायचं, हा त्याचा धंदा. आणि मी, बनू. पंधरावं लागलेली, पडवळासारखी लांब आणि तेवढीच अक्कल असलेली. माझी अक्कल किती होती ते पुढे कळेलच. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

फटफटी घरात आली खरी, पण ठेवायची कुठे? पुढच्या ओटीवर ठेवावी तर खारं वारं लागून आठवड्यात गंज धरते. गोठ्यात ठेवावी तर म्हशीने तिचा कंदील चाटून ठेवला. अंगणातून सरळ नेता येईल अशी, दार असलेली आणि कौल न गळणारी एकच जागा, ती म्हणजे बाहेरची खोली. दादाने दारावर खडूने इंग्रजीत ग्यारेज लिहिलं आणि आत्याने ते वाचता येत नसूनही पुसलं. "आम्ही काय त्या मेल्या लोखंडाच्या मांडीवर बसायचं?" असं ती म्हणाली. तिला स्वतःला त्या खोलीत जायचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण बोलताना ती नेहमी आम्ही म्हणे. आमच्याकडे वाडीला शेणखत घालायला आणि गवत काढायला येणारी चांगुणा आगरीण अंगणात उभी होती. तिने दारातून आत डोकावून बघितलं, फटफटी बघितली आणि तोंडाला पदर लावला. "काय गो ताय," मला म्हणाली, "तुमची फटफटी पन बाहेर बसली का काय? कती दिवसांची हाय?" मी हसले. दादा चिडला. आत्याने मात्र गंभीरपणे विचार सुरू केला, की बसली तर चौथ्या दिवशी हिला न्हाऊ कोण घालणार.

शेवटी प्रश्न उपाध्यांकडे गेला. उपाध्ये म्हातारे आणि संधिवाताचे, आणि त्याच आठवड्यात त्यांना आक्षीला एका श्राद्धाला जायचं होतं. दादाने त्यांना मागे बसवून नेलं आणि भरल्या पोटी परत आणलं. त्यानंतर आमच्या ओटीवर बसून, ताकाचा पेला रिकामा करून, त्यांनी निर्णय दिला. या यंत्राच्या पोटात अग्नी आहे. अग्नीला विटाळ नाही. सबब फटफटीला विटाळ नाही. ती त्या खोलीत राहिली तरी चालेल, बायका त्या खोलीत राहिल्या तरी चालेल आणि बाईचा हात तिला लागला तरी दादाने त्याच दिवशी तिच्यावर बसायला हरकत नाही. "मग कातड्याच्या बैठकीचं काय?" आत्याने विचारलं. "कातडं अग्नीच्या सान्निध्यात आहे," उपाध्ये म्हणाले आणि उठले. माझ्यासमोर दिलेला निर्णय आहे हा. मी खांबाआड उभी राहून तो अक्षर न् अक्षर पाठ केला. पाठांतर माझं चांगलं होतं, त्यावरच माझी सगळी मिजास होती.

खोली इतकी लहान, की फटफटी सरळ घातली तर पुढचं चाक दाराबाहेर उरे. ती तिरकी, कोपऱ्यात शेपूट खुपसून उभी राहिली तरच दार लागे. शिवाय आत मागे वळवायला जागा नाही, म्हणून तोंड अंगणाकडे ठेवून पाठमोरीच आत घ्यायची. त्यात उंबरा उंच आणि फटफटीची शिंगं दारापेक्षा रुंद. पहिल्या दिवशी दादाने आणि रहाटाच्या गड्याने मिळून जी झटापट केली, तीत दाराच्या चौकटीचा एक कपचा निघाला, दादाच्या बोटाची साल गेली आणि तोंडातून असे शब्द निघाले, की आईने कधी नव्हे ती विळी थांबवली. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. मला आपलं वाटलं, ढकलताहेत कशाला, घसरवत का नाहीत? आम्ही पोरं पोफळीच्या विरीवर बसून एकमेकांना ओढत असू. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचं ते बुडाकडचं रुंद, चामड्यासारखं पान. ओल्या जमिनीवर ती अशी पळते, की बसणारा भिंतीवर जाऊन आपटतो. मी एक विरी आणली, उताणी घालून तिच्याखाली पाणी मारलं आणि दादाला म्हटलं, मागचं चाक हिच्यावर येऊ दे. मग मी आत शिरले, कारण भिंत आणि फटफटी यांच्या मधल्या फटीत मावणारी घरात मी एकटीच. उंबऱ्यावर फळी, आधी डावं शिंग आत, मग हँडल पुरतं वळवून उजवं, आणि मागचं चाक विरीवर चढलं की कॅरिअरला धरून कमरेने एक झटका. शेपूट सुळकन कोपऱ्यात. दार लागलं. मी आतच राहिले. दार पुन्हा उघडायला लागलं.

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. दिवेलागणीच्या आधी रेवदंड्याच्या बाजूने फटफट ऐकू आली, की हातातलं काम टाकून मी फळी आणि विरी घेऊन अंगणात उभी. सकाळी बाहेर काढायची तेव्हाही तसंच, कारण आतून कुणी शेपूट सरळ केल्याशिवाय ती निघायचीच नाही. विरी वाळली की नवी, पाणी किती मारायचं त्याचा अंदाज, पेट्रोलची टाकी भरलेली असली की झटका जरा कमी द्यायचा, हे सगळं मला येऊ लागलं. पुढे पुढे तर दादा उंबऱ्यापर्यंत आणून सोडून द्यायचा आणि हात धुवायला जायचा. मी एकटी ती आत घ्यायची. आणि मला वाटे, काय वाटे? वाटे की फटफटी माझी आहे. चालवतो तो, पण ओळखते ती मला. परकराला तेलाचे डाग पडत, ते मी वाळत घालताना मुद्दाम रस्त्याकडे करी. अशी हुशार होते मी.

बायकांच्या त्या दिवसांत मात्र काय होई ते उपाध्यांनी पाहिलं नव्हतं. तिरकी फटफटी उभी राहिली की खोलीत उरे एक तिकोनी जागा. त्या तिकोनात आई झोपे, त्या तिकोनात मी झोपे. उशाशी पेट्रोल, पायाशी थेंब थेंब ठिबकणारं काळं तेल. आई दिवसभर डोकं दुखतं म्हणे आणि कडव्या वालाचं बिरडं तिच्यापुढे तसंच पडून राही. पत्रावळीवर वरून भात पडायचा, वरून आमटी पडायची, आणि त्या सगळ्याला मोटारीचा वास. एकदा तिने दादाला दारातून म्हटलं, "अरे, तेवढे तीन दिवस ओटीवर ठेवली तर?" दादा हसून म्हणाला, "आई, गंजली म्हणजे? तुझं काय, तू काय गंजणार आहेस?" आईही हसली. आमच्याकडे विनोदाला हसायची पद्धत होती.

आता माझ्या परीक्षेचं सांगते. शाळेतले मास्तर दोनदा घरी येऊन आईला सांगून गेले होते, की ही मुलगी व्हर्नाक्युलर फायनलला बसवा. पास झाली तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाईल, मास्तरीण होईल. त्या काळी फायनल म्हणजे काय ते तुम्हाला सांगून समजायचं नाही. फायनल झालेल्या बाईला लोक उठून जागा देत नसत, पण निदान तिच्याशी बोलताना नीट बोलत. मला ट्रेनिंग कॉलेज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की तिथे स्वतःची खाट आणि स्वतःची पेटी मिळते. मी रात्रंदिवस घोकलं. रहाटाच्या तालावर गणिताची कोष्टकं, विळीच्या तालावर कविता. आत्याचं म्हणणं, शिकून काय दिवे लावणार. आईचं म्हणणं काहीच नव्हतं, पण तिने एक पातळ परटाकडून घडी करून आणलं आणि फडताळात माझ्या पुस्तकांवर ठेवलं. आणि दादा म्हणाला, "बने, अलिबागला बैलांच्या धमणीने धक्के खात कशाला जायचं? परीक्षेला मी तुला फटफटीवर नेईन. राणीसारखी. तू माझी एवढी गाडी लावतेस ती काय फुकट?" हे त्याने चांगुणेसमोर म्हटलं, मास्तरांसमोरही म्हटलं. मास्तर त्या सकाळी शाळेच्या दारात आमची वाट बघणार होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला कावळा शिवला.

माझी नात हे वाचून माझ्यावर डाफरली. म्हणाली, "आजी, तू सांगितलंस कशाला? कुणाला कळलं असतं?" बरोबर आहे तिचं. कुणाला कळलं नसतं. मुकाट्याने राहिले असते, सकाळी पातळ नेसले असते आणि पेपर लिहून आले असते. पण तिला कसं सांगू, की न सांगणं ही गोष्ट मला सुचलीच नाही. पाठांतरातली शहाणी मी. माजघरात त्या दिवशी कैरीच्या लोणच्याची फोड मुरत होती. मला भीती वाटली ती परीक्षेची नव्हे, माझी सावली पडून लोणचं नासेल याची. मी स्वतःहून ओरडून सांगितलं, "आत्या, मी बाहेरची झाले गो," आणि पुस्तकं कवटाळून आपल्या पायांनी त्या खोलीत जाऊन बसले. पुस्तकंही विटाळली, असं आत्या म्हणाली. ते मात्र मी मनावर घेतलं नाही. कारण माझ्याकडे उपाध्यांचा निर्णय होता ना. मी रात्रभर निश्चिंत होते. फटफटीच्या टाकीला टेकून भूगोल वाचला. चाकावर हात फिरवून म्हटलं, उद्या तू आणि मी.

सकाळी घावनांचा वास आला. आईने दारात पान ठेवलं, बाजूला दह्याची वाटी. परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर दही घालतात, पण माझ्या हातावर कसं घालणार? तिने वरून ओतलं. थोडं हातावर पडलं, थोडं उंबऱ्यावर. पातळ आणायला ती आत गेली, का नुसतीच आत गेली, मला तेव्हा कळलं नाही. दादा टोपी घालून, खिशाला पेन लावून अंगणात आला. मी फळी लावून तयारच होते.

"दादा, चल. उशीर होईल."

"कुठे?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "अगो, पण तू बाहेरची ना?"

"हो. पण फटफटीला विटाळ नाही," मी म्हटलं. सगळं म्हणून दाखवलं. पोटातला अग्नी, सबब, कातड्याचं सान्निध्य, काही गाळलं नाही. न अडखळता. फायनलचा तोंडी पेपर असता तर पैकीच्या पैकी.

दादाने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता हो. त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "फटफटीला नाही, कबूल. पण मागे बसलीस की धरशील कुणाला? मलाच ना? मला आहे की विटाळ. माझ्या पोटात कुठे अग्नी आहे?"

"मी कॅरिअरला धरून बसेन. तुला बोट लावणार नाही."

"आणि नागावच्या खड्ड्यात आदळली की? बने, अलिबागला आज ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्याकडे सत्यनारायण आहे. घरातली चार माणसं विमा उतरवताहेत. त्यांच्या ओटीवर मी विटाळशीला शिवून चढू?"

"तिथे आंघोळ कर."

"ऐका!" तुळशीपाशी उभी असलेली आत्या म्हणाली. "भावाला आंघोळी शिकवते. उद्या मास्तरीण झाली म्हणजे गावाला शिकवील."

"मग मला धमणी करून दे," मी म्हटलं.

"धमणीवाल्याला सांगू का तू कोण आहेस ते? की फसवू त्याला?" दादा हे मनापासून म्हणाला. विम्याच्या धंद्यात असूनही फसवण्याची त्याला चीड होती. "पुढच्या वर्षी बस. परीक्षा काय पळून जाते?" मग त्याने उन्हाकडे बघितलं आणि त्याचा आवाज एकदम कामाचा झाला. "बरं, तेवढी गाडी काढ बघू बाहेर. मला आत येता येत नाही, तू आहेस तिथे. तुला हात लावायला चालतं. तिला विटाळ नाही."

मी आईला शोधलं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या हातात परटाच्या घडीचं पातळ होतं, म्हणजे ती ते आणायला गेली होती. तिने ते पदराखाली घेतलं आणि आत वळली. थोड्या वेळाने विळीची खरखर सुरू झाली. मला वाटलं होतं, आज तरी ती खोबरं खवणार नाही.

आणि मी गाडी काढली. विरीखाली पाणी मारलं, शेपूट सरळ केलं, हँडल वळवून आधी उजवं शिंग काढलं, मग डावं. ऊन पडून बैठकीवरची धूळ दिसली ती परकराच्या टोकाने पुसली. अंगणात नेऊन तिच्या स्टँडवर उभी करून, दादाला शिवू नये म्हणून चार पावलं मागे सरून उभी राहिले. त्याने लाथ मारली, फटफटी एकदम सुरू झाली. चांगुणा गवताचा भारा घेऊन येत होती, ती वाट देऊन थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, दादाच्या मागच्या रिकाम्या बैठकीकडे बघितलं. "ताय जायची होती ना?" तिने आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "ती बाहेरची आहे." चांगुणा म्हणाली, "आमी तर आसल्या दिवसांत चिखलान उभ्या रहून लावनी करताव. भात कदी नासला न्हाय." "तुमचं निराळं," आत्या म्हणाली. चांगुणा भारा टाकायला गोठ्याकडे गेली.

पुढच्या वर्षीची फायनल काही मी दिली नाही. त्याच्या आधीच्या वैशाखात माझं लग्न झालं. पेणचं घर होतं, भरपूर माणसं, खाट नाही. पण ते राहू दे, तो दिवस अजून संपलेला नाही.

दिवसभर मी त्या खोलीत होते. फटफटी नव्हती, त्यामुळे ती चांगली ऐसपैस वाटत होती. पाय पसरून झोपता आलं असतं. मी झोपले नाही, रडलेही फारसं नाही. आत्ता पेपर वाटले असतील, आत्ता गणित चालू असेल, असं मनात येई आणि मी भिंतीकडे बघत बसे. एकच गोष्ट मी पक्की ठरवली होती. संध्याकाळी तो येईल, भोंगा वाजवील. मी उठायचं नाही. बाहेरच उभी राहू दे त्याची फटफटी, खारं वारं लागून गंजू दे, तिच्यावर कावळे बसू देत. मी नुसतं म्हणायचं, "मी बाहेरची आहे." वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं.

ऊन उतरल्यावर आवाज आला. दादा खुशीत होता, विमा उतरला होता. पंच्याच्या पुरचुंडीत प्रसादाचा शिरा होता, तो त्याने वाकून लांबूनच उंबऱ्यावर ठेवला. "मास्तर भेटले," तो म्हणाला. "सांगितलं त्यांना, की बनूला ताप आहे. उगाच कशाला कळायला? बरं केलं ना?" मी जागची हलले नाही. तो थांबला. मग त्याने स्वतःच फळी लावली आणि फटफटी पाठमोरी ढकलू लागला. मी भिंतीला चिकटून बघत होते. त्याने हँडल चुकीच्या बाजूला वळवलं. शिंग चौकटीला अडकलं. त्याने जोर केला, तशी पुढची बाजू उचलली गेली आणि फटफटी एका अंगाला कलली. आता पडणार, टाकी चेपणार, कंदिलाची काच जाणार.

मी उठले. कधी उठले ते मला कळलंही नाही. "सोड, सोड, लांब हो, मला शिवशील," असं म्हणत मी कॅरिअर धरला, त्याने हात काढले, मी हँडल वळवलं, विरीवर चाक घेतलं आणि झटका दिला. शेपूट कोपऱ्यात. कुठे ओरखडा नाही. सकाळी मारलेलं पाणी दिवसभरात वाळून विरी कोरडी झाली होती, तरी.

दादा अंगणात उभा राहून बघत होता. त्याने टोपी काढून कपाळाचा घाम पुसला आणि अगदी मनापासून म्हणाला, "बने, तुझ्यासारखी गाडी मुंबईतल्या ग्यारेजवाल्यालासुद्धा लावता यायची नाही."

आणि मला बरं वाटलं. काय सांगू तुम्हाला, फार बरं वाटलं.